‘लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का?’ : सोलापूरच्या नव्या पेठेतील एका आयईएलटीएस संभाषण वर्गाविषयी

आयईएलटीएसच्या (परदेशात शिक्षण-नोकरीसाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या) बोलण्याच्या परीक्षेत मला पहिल्या वेळी ५.५ गुण मिळाले आणि ते का मिळाले, हे मला निकालाची वाट न पाहता खोलीतून बाहेर पडतानाच कळले होते. परीक्षक बाईंनी विचारले होते, लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का? त्या वेळी मी एका ऑनलाइन शिकवणीने पाठवलेली नमुना उत्तरे तोंडपाठ करून गेले होते. त्यामुळे पाचव्या वाढदिवसाला वडिलांनी लाल सायकल भेट दिली, मागच्या चाकाला दोन छोटी चाके लावली आणि घराजवळच्या बागेत मला शिकवले, असे सगळे मी एका दमात म्हणून टाकले. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, शिकायला अवघड गेले का? माझ्या पाठांतरात त्याचे उत्तर नव्हते. मी ‘येस’ म्हणाले, मग ‘नो’ म्हणाले आणि थांबले.

खरे तर मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बोळात वाढले. तिथे बाग नव्हती, दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट होता. आप्पांची, म्हणजे वडिलांची, बावीस इंची सायकल माझ्या खांद्याला लागायची, म्हणून दांडीखालच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडे घालून, अंग एका बाजूला कलते ठेवून, अर्धेअर्धे पायडल मारत मी ती शिकले. अवघड गेले का, या प्रश्नावर माझ्याजवळ दहा मिनिटे पुरेल इतके उत्तर होते. ते इंग्रजीत कसे सांगायचे हे मला कुणी शिकवले नव्हते आणि असले काही परीक्षेत सांगायचे असते, हेही ठाऊक नव्हते.

मी व्यवसायाने परिचारिका आहे. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची असेल तर आयईएलटीएसमध्ये ऐकणे, वाचणे आणि बोलणे या तिन्हींत ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. ऐकण्या-वाचण्यात मी तिथपर्यंत पोहोचत होते, अडत होते ते बोलण्यात. रुग्णालयातल्या एका सहकारी मैत्रिणीने नव्या पेठेतल्या या वर्गाचे नाव सुचवले. कापडाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर एकच खोली आहे, आठवड्यातून चार संध्याकाळी दीड-दीड तास वर्ग चालतो, अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा आहे आणि मी गेले तेव्हा शुल्क ६,५०० रुपये होते. इथे फक्त बोलण्याची तयारी करून घेतात. लेखनासाठी दुसरी व्यवस्था बघावी लागते, हे वर्ग घेणाऱ्या मॅडम प्रवेश देतानाच स्पष्ट सांगतात.

पहिल्या दिवशी मॅडमनी व्याकरणाचे पुस्तक उघडले नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि आपल्या घरातली, नाहीतर गल्लीतली, सर्वांत जुनी आठवणारी सायकल काढायला सांगितली. चित्र कसेही चालेल, पण तिच्या दहा भागांना बाण करून इंग्रजी नावे लिहा, असे म्हणाल्या. हँडल, चेन, सीट, ब्रेक, मडगार्ड, कॅरिअर इथपर्यंत सगळे भराभर पोहोचले आणि मग पेने थांबली. दांडीला काय म्हणायचे? चाकाच्या आऱ्यांना काय म्हणायचे? ‘क्रॉसबार’ आणि ‘स्पोक्स’ हे दोन शब्द मी त्या दिवशी कागदावर लिहिले ते आजतागायत विसरले नाही, कारण ते आप्पांच्या सायकलच्या चित्राला चिकटलेले आहेत. शब्दांची यादी पाठ करणे आणि शब्द नेमक्या जागी बसवणे, यांतला फरक मला त्या कागदावर दिसला आणि माझ्या मते या वर्गाचे खरे बळ तिथेच आहे.

नावांनंतर क्रियापदे आली आणि आपण मराठीतून थेट इंग्रजीत उडी मारतो तेव्हा नेमके कुठे पडतो, हे उघड झाले. आपण सायकल ‘चालवतो’, म्हणून इंग्रजीत ती ‘ड्राइव्ह’ करतो, तर तिथे ती ‘राइड’ करायची असते. आपण पंक्चर ‘काढतो’, म्हणून ‘रिमूव्ह द पंक्चर’ म्हणून मोकळे होतो, तर तिथे ते ‘मेंड’ किंवा ‘रिपेअर’ करतात. आपण चाकात हवा ‘भरतो’, तिथे टायर ‘पम्प अप’ करतात. आपला गुडघा ‘फुटतो’, पण ‘माय नी ब्रोक’ म्हटले तर ऐकणाऱ्याला हाड मोडल्यासारखे वाटेल. खरचटले एवढेच सांगायचे असेल तर ‘आय स्क्रेप्ड माय नी’ म्हणावे. ‘डबलसीट’ हा तर आपल्याला अस्सल इंग्रजी वाटणारा शब्द, पण तो इंग्रजांना तसा समजत नाही, तिथे ‘माय ब्रदर गेव्ह मी अ लिफ्ट ऑन हिज बाइक’ असे सांगावे लागते. या एकेका वाक्यावर मॅडम घाई करत नसत. प्रत्येकाकडून आपापल्या घरातल्या माणसाचे नाव घालून ते वाक्य त्या म्हणून घेत, आणि चुकले तर ओरडत नसत, फक्त मराठी वाक्य पुन्हा विचारत, म्हणजे चूक कुठून आली ते आपले आपल्यालाच समजे.

‘बाइक’ या शब्दाने तर एका मुलाचे पूर्ण उत्तर वाहून नेले होते. सोलापुरात बाइक म्हणजे मोटारसायकल, त्यात कुणाला शंका नसते. ‘डू यू हॅव अ बाइक?’ या प्रश्नावर तो पेट्रोलचा खर्च, मायलेज आणि विजापूर रोडवरची वाहतूक यांविषयी बराच वेळ बोलला. इंग्रजी चांगले होते, पण प्रश्न सायकलचा होता. मॅडमनी तेव्हा एक उपयोगी गोष्ट सांगितली. अशा प्रश्नांत ‘बाइक’ बहुतेक वेळा सायकलसाठीच येतो, आणि शंका असेल तर परीक्षकांना प्रश्न पुन्हा विचारायला सांगण्यात कसलाही कमीपणा नाही. चुकीच्या दिशेने मिनिटभर बोलत राहण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

मला सर्वांत मोलाचा वाटलेला तास तिसऱ्या आठवड्यातला. लहानपणाविषयी बोलताना आम्ही सगळे एकाच साध्या भूतकाळात बोलत होतो: गेलो, आलो, पडलो, खेळलो. मॅडमनी फळ्यावर ‘जायचो’, ‘यायचे’, ‘बसायची’, ‘भांडायचो’ असे शब्द लिहिले आणि विचारले, ‘मी शाळेत सायकलवर गेले’ आणि ‘मी शाळेत सायकलवर जायचे’ या दोन वाक्यांत फरक काय? फरक आम्हा सर्वांच्या कानात होता, सांगता मात्र कुणाला येत नव्हता. पहिल्या वाक्यात एक दिवस आहे, दुसऱ्यात कित्येक वर्षे आहेत. मग त्या म्हणाल्या, आईच्या मांडीवर ऐकलेले हे ‘जायचे’ म्हणजेच इंग्रजीतले ‘युज्ड टू’, आणि गोष्ट एकदा सुरू झाली की त्याच कामासाठी ‘वुड’ही वापरता येते. एवढे मात्र जपायचे, की ‘असणे’, ‘आवडणे’, ‘मालकीचे असणे’ अशा स्थितींसाठी ‘वुड’ चालत नाही, तिथे ‘युज्ड टू’च म्हणावे लागते. ‘वी युज्ड टू हॅव अ बिग ब्लॅक बाइसिकल’ बरोबर, ‘वी वुड हॅव’ चूक. शाळेत दहा वर्षे ‘युज्ड टू’चे नियम शिकूनही मला ते बोलताना कधी सुचले नव्हते, आणि त्या संध्याकाळनंतर ते आपोआप येऊ लागले. मराठी विसरा म्हणजे इंग्रजी येईल, असे सांगणाऱ्या शिकवण्या मी पाहिल्या आहेत. या वर्गात मराठीचा हात धरून इंग्रजीपर्यंत नेतात आणि मला तो मार्ग अधिक खरा वाटतो.

तसेच ‘लहानपणी’ या शब्दाचे. आम्ही सर्रास ‘इन माय चाइल्डहुड’ने प्रत्येक वाक्य सुरू करत होतो. ते चुकीचे नाही, पण सतत म्हटले की जड होते. ‘अ‍ॅज अ चाइल्ड’, ‘व्हेन आय वॉज लिटल’, ‘व्हेन आय वॉज अबाउट एट’ अशी वळणे मिळाली की तेच बोलणे हलके होते. ‘लहानपणापासून’ म्हणायचे तर ‘सिन्स आय वॉज अ चाइल्ड’, आणि त्याच्यासोबत येणारे क्रियापदही बदलते, हेही इथेच कळले.

परीक्षेची रचना ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोलण्याची परीक्षा एकूण ११ ते १४ मिनिटांची असते आणि ती ध्वनिमुद्रित होते. पहिल्या भागात चार-पाच मिनिटे स्वतःविषयी आणि ओळखीच्या विषयांवर छोटे प्रश्न येतात, आणि सायकल, शाळा, लहानपणचे खेळ असे विषय तिथेच भेटण्याची शक्यता अधिक असते. दुसऱ्या भागात एक विषयपत्रिका मिळते, विचार करायला एक मिनिट आणि टिपणासाठी कागद-पेन्सिल मिळते आणि मग एक ते दोन मिनिटे एकट्याने बोलायचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या अंगाने चार-पाच मिनिटे चर्चा होते. गुण चार गोष्टींना सारखेच असतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. सोलापुरी हेल आहे म्हणून कुणी गुण कापत नाही, बोलणे समजते की नाही हे पाहतात. आपण सांगतो ते खरे की खोटे, याला तर गुणच नसतात.

हे शेवटचे वाक्य मॅडमनी सांगितले तेव्हा मी विचारले, मग माझी लाल सायकलची गोष्ट का चालली नाही? त्या म्हणाल्या, ‘खोटी होती म्हणून नाही. तुम्ही ती पाहिलेली नव्हती, म्हणून तिच्याविषयी दुसरे वाक्य तुमच्याकडे नव्हते. आप्पांच्या सायकलविषयी तुम्हाला किती वाक्ये येतील?’ मी त्याच दिवशी घरी जाऊन मोबाइलवर मोजून पाहिले. अडखळत का होईना, चार मिनिटे बोलले.

पण म्हणून प्रत्येक प्रश्नाला कहाणी सांगत बसायचे नसते, हेही वर्गात तितक्याच आग्रहाने शिकवतात. पहिल्या भागात दोन-तीन वाक्ये पुरतात: सरळ उत्तर, त्याचे कारण आणि डोळ्यांपुढे येईल अशी एक बारीक गोष्ट. ‘सायकल होती का?’ या प्रश्नाला माझे तयार झालेले उत्तर मराठीत सांगायचे तर असे होते: ‘माझी स्वतःची नव्हती, पण वडिलांची एक मोठी काळी सायकल होती. ते पहिल्या पाळीहून आले की मी ती घ्यायचे. सीटवर पाय पोहोचत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून चालवायचे.’ एवढेच. पंधरा-वीस सेकंद होतात आणि परीक्षकांना पुढे विचारायला जागा राहते.

वर्गातला साखर पेठेतला एक विद्यार्थी मला फार आठवतो. घरची भाषा तेलुगू, मराठी आमच्याइतकीच स्वच्छ, इंग्रजी बोलताना मात्र मान खाली. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, आमच्याकडे सायकल कधीच नव्हती, मी काय सांगू? मॅडम म्हणाल्या, ‘नव्हती हेही पूर्ण उत्तर आहे. का नव्हती आणि मग कसे चालायचे, ते सांगा.’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग सांगू लागला. आई घरी विड्या वळायची, वळलेल्या विड्या कारखान्यात पोचवायला तिच्याबरोबर तो चालत जायचा, आणि पैसे हातात आले की आई त्यातला एक रुपया त्याला द्यायची. तो रुपया घेऊन तो थेट सायकल मार्टवर जायचा आणि अर्ध्या तासासाठी छोटी सायकल भाड्याने घ्यायचा. वेळ संपत आली की उशीर होऊन जास्त पैसे पडू नयेत म्हणून जिवाच्या आकांताने परत फिरायचा. इंग्रजीत त्याच्या निदान सहा-सात चुका झाल्या, पण तो एकदाही थांबला नाही. त्याच्याही नकळत ‘युज्ड टू’ आणि ‘वुड’ दोन्ही येऊन गेले. खोलीत कुणी काही बोलले नाही. मॅडमनी चुका लगेच सांगितल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी कागदावर लिहून दिल्या, आणि मला त्यांची ही समज मोठी वाटते.

आता उणिवा. त्या लपवल्या तर या लिखाणाचा कुणाला उपयोग होणार नाही.

पहिली उणीव उच्चारांची. सहा आठवड्यांत उच्चारांना जेमतेम दोन तास मिळाले. त्या दोन तासांत जे शिकवले ते उत्तम होते: आपण ‘सायकल’ म्हणतो म्हणून ‘बायसायकल’ म्हणतो, पण इंग्रजी उच्चार ‘बाइसिकल’च्या जवळचा आहे आणि जोर पहिल्या अक्षरावर आहे. ‘व्हील’ लिहिताना आपण जो ‘व्ह’ लिहितो तो इंग्रजीत ओठ गोल करून, दात ओठाला न लावता काढायचा असतो. हे आरशापुढे करून पाहिल्यावरच मला समजले. पण उच्चाराला गुणांचा चौथा हिस्सा असताना दोन तास फारच कमी आहेत. आठवड्याला एक तरी तास हवा होता.

दुसरी उणीव तिसऱ्या भागाची. लहानपणच्या सायकलवर आम्ही मन लावून बोलायला शिकलो, पण शहरात सायकली कमी का झाल्या, मुलांना एकट्याने सायकलवर सोडायला आईवडील का घाबरतात, सरकारने सायकलींसाठी वेगळे रस्ते करावेत का, अशा प्रश्नांवर ‘मी’ सोडून ‘लोक’ म्हणून बोलावे लागते. ती सवय वेगळी आहे. त्यासाठी सामग्री आमच्या आजूबाजूला किती तरी होती. गिरण्यांच्या भोंग्यावर सायकलींच्या रांगा लागत, हे इथल्या प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे, आणि पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, हे सर्वांना माहीत आहे. तेव्हा आणि आता यांची तुलना करायला याहून चांगले उदाहरण कोणते? पण ही चर्चा शेवटच्या आठवड्यात दोन दिवसांत उरकली गेली. मी घरी भावासोबत वाद घालून ती कसर भरून काढली.

तिसरी गोष्ट विद्यार्थिसंख्येची. प्रवेशाच्या वेळी बारा जणांची तुकडी सांगितली होती, तिसऱ्या आठवड्यात आम्ही सतरा झालो. बोलण्याच्या वर्गात प्रत्येक वाढलेला माणूस इतरांची मिनिटे घेतो. मी हे मॅडमना सांगितले, त्यांनी मान्य केले आणि दोन रविवार जादा घेतले, पण मुळात तसे होऊ नये. शिवाय सराव परीक्षा सगळ्या मॅडमच घेतात. त्यांचा चेहरा ओळखीचा, त्यांची मान डोलावण्याची पद्धत ओळखीची. परीक्षेत समोरचा माणूस अनोळखी असतो, आपल्या बोलण्यावर काही दाद देत नाही आणि मध्येच थांबवून पुढचा प्रश्न विचारतो. त्या कोरडेपणाची सवय इथे होत नाही. उन्हाळ्यात ती खोली फार तापते, तेही आधी सांगून ठेवते. एप्रिल-मेची तुकडी शक्यतो टाळावी.

दुसऱ्यांदा मी पुण्यालाच परीक्षा दिली. पहिल्या भागात सायकल आली नाही. कामाविषयी आणि स्वयंपाकाविषयी विचारले. दुसऱ्या भागात पत्रिका मिळाली ती लहानपणी आवडणाऱ्या एखाद्या जागेविषयी बोलण्याची. मिनिटभर मिळालेल्या वेळात मी कागदावर फक्त चार शब्द लिहिले: मार्ट, वही, पाटी, पंप. आमच्या बोळाच्या तोंडाशी असलेल्या सायकल मार्टविषयी मी बोलले. लाकडी पाटीवर तासाचे दर खडूने लिहिलेले असायचे, मालक वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचे, पंपावर पाय ठेवून हवा मारायला आम्हा मुलींना मुद्दाम सांगायचे, आणि पंक्चर शोधताना ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली की बुडबुडे कुठून येतात ते सर्वांत आधी दाखवण्यासाठी आमची चढाओढ लागायची. ‘बुडबुडे’ला ‘बबल्स’ सुचले, घमेल्याला शब्द सुचला नाही, मी ‘अ वाइड आयर्न पॅन’ म्हणाले आणि पुढे गेले. अडले की साध्या शब्दांत वर्णन करून पुढे जायचे, हे वर्गातच शिकले होते. परीक्षकांनी दोन मिनिटे झाल्यावर थांबवले, तेव्हा माझे अजून सांगून संपले नव्हते. बोलण्यात मला ७ मिळाले.

मी हा वर्ग कुणाला सुचवेन? ज्यांचे वाचन बरे आहे, व्याकरणाची ओळख आहे, पण तोंड उघडत नाही, त्यांनी इथे अवश्य जावे. ज्यांना वाक्यरचनाच नव्याने शिकायची आहे, त्यांना सहा आठवडे पुरणार नाहीत. ज्यांना १५ दिवसांत तयार उत्तरे हवी आहेत त्यांना इथे काहीच मिळणार नाही, कारण तशी एकही छापील ओळ मॅडम देत नाहीत. प्रवेश घेताना तुकडी किती जणांची राहील, हे लिहून मागा. उच्चारांचे तास किती, ते विचारा. आणि शेवटच्या आठवड्यात ओळखीतल्या, पण आपल्याशी कधी न बोललेल्या एखाद्या इंग्रजीच्या शिक्षकांना विनंती करून एक सराव परीक्षा बाहेर द्या. माझ्या एका वर्गमैत्रिणीने तसे केले होते, आणि परीक्षेच्या दिवशी आमच्या तुकडीत सर्वांत शांत तीच होती.